लेकीची भूक मी वयावरून मोजली

हॉटेलात गेल्यावर मुलांसाठी काय मागवायचं, हे आमच्या घरात मीच ठरवत असे. थोरली दहा वर्षांची झाली आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं मी ते साफ चुकीचं ठरवलं. तिची भूक वाढली होती आणि मी तिच्यापुढे लहान मुलांची प्लेटच ठेवत राहिले. हे मोकळेपणाने लिहावंसं वाटतं, कारण आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत आजही असंच चालतं आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून चंडीगढला आलो. रविवारी संध्याकाळी इथे सेक्टर ३५ किंवा सेक्टर २६ च्या बाजारात गाडी लावायला जागा मिळणं कठीण. आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळं घर एका टेबलाभोवती बसतं. मधोमध दाल मखनी, पनीर, नानची टोपली, आणि पहिलं ताट भरायच्या आत लस्सीचे मोठे ग्लास. आम्हीही ह्या रिवाजात लवकरच रुळलो. मॉलमधल्या आणि नव्या धर्तीच्या हॉटेलांत मुलांचा वेगळा मेनू असतो. जुन्या ढाब्यांवर तो नसतो, तिथे हाफ आणि फुल असतं. "बच्चों के लिए हाफ कर दूँ जी?" असं वेटर विचारायचा आणि मी मुलांकडे न बघताच मान हलवायची.

थोरली सहा-सात वर्षांची असताना ह्यात काही गैर नव्हतं. तेवढं तिला पुरायचं, उलट उरायचं. पण दहाव्या वर्षानंतर ती झपाट्याने वाढायला लागली. सेक्टर १० च्या स्केटिंग रिंकवर शाळेनंतर रोज घाम गाळत होती. तिचे स्केट्स लहान व्हायचे, आम्ही पुढच्या मापाचे घ्यायचो. युनिफॉर्मचा स्कर्ट वर्षाच्या मध्येच आखूड झाला, तोही लगेच बदलला. प्लेट मात्र तीच राहिली. कप्प्यांची रंगीत प्लेट, एका कप्प्यात चार नगेट्स, दुसऱ्यात मूठभर फ्राईज, तिसऱ्यात पांढऱ्या सॉसमधला थोडा पास्ता, आणि टोमॅटो सॉसची इवलीशी वाटी. ती एकेक फ्राय सॉसमध्ये बुडवून, दातांनी छोटे तुकडे करत सावकाश खायची. सगळ्यांचं होण्याआधी आपलं संपू नये म्हणून ती रेंगाळते, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटायचं, पोरगी कशी शांतपणे, नीट जेवते.

एकदा ती म्हणाली, "आई, मला बाबांसारखंच मागव ना." मी म्हटलं, "तुला संपणार नाही. वाया जाईल." नंतर तिच्या बाबांच्या टोपलीतली उरलेली रोटी ती नुसतीच खात होती. घरी आल्यावर फ्रीज उघडून सकाळचा भात दह्यात कालवून घेत होती. आणि मी तिला ओरडले, की आत्ताच तर बाहेर खाऊन आलो, आता हे काय?

ह्यामागे पैशांचा हिशेब होता, हे मी लपवणार नाही. महिन्याचा खर्च मी वहीत लिहिते आणि चौघांचं बाहेरचं बिल पाहून हात आखडता घ्यावासा वाटतो. मुलांची प्लेट स्वस्त पडते. बुफे असेल तर ठरावीक वयापर्यंत दर कमी असतो, ती मर्यादा हॉटेलागणिक वेगळी. अशाच एका बुफेच्या दारात मॅनेजरने थोरलीला प्रेमाने विचारलं, "बेटा, कितने साल के हो?" तिने माझ्याकडे पाहिलं. घरून निघतानाच मी तिला सांगून ठेवलं होतं. तिने एका वर्षाने कमी वय सांगितलं, आणि मग त्या जेवणात ती एकदाच वाढून घेऊन गप्प बसली. लहान मुलीचे पैसे भरले आहेत, तर लहान मुलीएवढंच खावं, असं तिला वाटलं. हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. खोटं मी बोलायला लावलं आणि त्याची किंमत तिने भुकेत मोजली. माझ्या सगळ्या चुकांत मला आजही सर्वांत जास्त टोचते ती ही.

पाच ते बारा म्हणजे हाफ तिकीट, हे आपल्या पिढीच्या डोक्यात एसटीने आणि रेल्वेने पक्कं बसवलं आहे. रेल्वेने तर २०१६ पासून ह्या वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं घ्यायला सुरुवात केली, कारण जागा पूर्ण लागते. पोटाच्या बाबतीत एवढा साधा विचारही मी केला नाही.

मुलांचा वेगळा मेनू मुळात अमेरिकेतला. १९२० मध्ये तिथे दारूबंदी आली, हॉटेलांचं मोठं उत्पन्न बुडालं आणि नवं गिऱ्हाईक म्हणून त्यांचं लक्ष मुलांकडे गेलं. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरियाने मुलांसाठी स्वतंत्र मेनूकार्ड काढलं. मुलांना सौम्य, साधं, शिजवून मऊ केलेलंच द्यावं, हे मत डॉ. एमेट होल्ट यांच्या १८९४ च्या बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे तिथल्या घराघरांत रुजलं होतं. १९७९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने हॅपी मील आणलं आणि खेळण्यासकट येणारा छोटा बर्गर-फ्राईजचा डबा जगभर गेला. ह्या साऱ्यात धंद्याचा विचार आहे आणि हॉटेलवाल्याने तो करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मेनूकार्डावर छापलेली वयाची मर्यादा म्हणजे जणू आहारशास्त्राचा नियम, असं मी धरून चालले होते. ती समजूत माझी होती.

माझे डोळे उघडले ते बालरोगतज्ज्ञांकडे. थोरली खेळून आली की फार दमायची म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं आणि मग मला न विचारता थेट तिलाच विचारलं, "तुझं पोट भरतं का गं जेवल्यावर?" तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कधी कधी नाही भरत." आठवड्यातून एकदा हॉटेलात कमी खाल्ल्याने रक्त कमी झालं, असं मी म्हणत नाही. पण त्या उत्तरानंतर मी आमच्या घरातल्या ताटांकडे नीट पाहिलं. घरीही तिच्यासाठी दोन पोळ्या ठरलेल्या होत्या. त्या कधी ठरल्या, तर ती सात वर्षांची असताना.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आयसीएमआरसाठी २०२० मध्ये भारतीयांच्या आहारगरजांचे आकडे दिले आहेत. ते मी त्यानंतर वाचले. बैठं काम करणाऱ्या बाईची रोजची गरज १६६० किलोकॅलरी. दहा ते बारा वर्षांच्या मुलीची २०६०. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीची २४००. म्हणजे ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या मला जेवढं लागतं, त्याहून चारशे किलोकॅलरी जास्त माझ्या दहा वर्षांच्या लेकीला लागत होतं. टेबलावर मात्र फुल प्लेट माझ्यापुढे होती आणि हाफ तिच्यापुढे.

आणखी एक गोष्ट लिहिताना मला लाज वाटते. धाकटा आठ-नऊ वर्षांचा झाला तेव्हा मी त्याच्यासाठी पूर्ण प्लेट मागवायला लागले होते. "मुलगा आहे, वाढतं वय आहे," असं मी वेटरलाही सांगायची. थोरली तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्यासाठी अजून हाफ. मी स्वतः नोकरी करते, मुलगा-मुलगी एकच असं दहा ठिकाणी बोलते, आणि माझ्या हातून हे घडलं. शरीराचं म्हणणं तर बरोबर उलट आहे. मुलींची वाढीची उसळी मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येते. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज १६ मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलीला २८ मिलिग्रॅम. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलांमध्ये ३१ टक्के. ह्या आकड्यांमागे गरिबी आहे, पाळीतला रक्तस्राव आहे, आहारात लोह कमी असणं आहे. पण जिथे अन्न भरपूर आहे अशा घरातही मुलीच्या ताटात कमी पडू शकतं, आणि ते पाडणारी बऱ्याचदा आईच असते. आमच्या घरात ती मी होते.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले, तीही चूकच. सगळ्यांसाठी फुल मागवायला लागले आणि मागवलेलं संपलंच पाहिजे म्हणून मुलांच्या मागे लागले. पंजाबी हॉटेलातली फुल प्लेट दोघांना पुरेल एवढी असते. त्यात जेवणाआधी घेतलेली दाट गोड लस्सी भूक मारून टाकते. पोट भरलंय असं मुलं सांगत असताना "पानात टाकायचं नाही" म्हणून मी त्यांना आणखी चार घास भरवले. आधी लेकीची भूक ऐकली नाही, नंतर दोघांचं पोट भरल्याचं ऐकलं नाही.

योग्य रीत मला दिसली ती पंचकुल्याच्या नाडा साहिब गुरुद्वाऱ्यात. घग्गर नदीकाठच्या ह्या ठिकाणी भंगाणीच्या लढाईनंतर गुरू गोविंदसिंग थांबले होते. नांदेडच्या हजूर साहिबमुळे मराठी माणसाला लंगर नवा नाही, आणि नाडा साहिबला आम्ही सहज म्हणून गेलो होतो. पंगतीत मुलं आमच्या शेजारी बसली. सेवेकरी टोपली घेऊन "परशादा जी, परशादा" करत पुढे सरकत होते. लंगरात रोटीला परशादाच म्हणतात आणि ती दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची. थोरलीने ओंजळ पुढे केली, तिला रोटी मिळाली. ती संपली, फेरी परत आली, तिने पुन्हा ओंजळ केली, पुन्हा मिळाली. तिचं वय कुणी विचारलं नाही, हाफ की फुल हेही नाही. ती मुलगी आहे म्हणून कुणाचा हात आखडला नाही. पोट भरल्यावर तिने हात जोडले आणि सेवेकरी पुढे गेला. पानात काही उरलं नाही. आपल्या लग्नाकार्यातल्या पंगतीतही चांगला वाढपी असंच करतो. थोडं वाढतो, पण पुन्हा पुन्हा येतो.

तेव्हापासून आम्ही हॉटेलात तसंच करतो. मुलांच्या मेनूचं पान आधी उघडत नाही. दाल, भाजी, भात सगळ्या टेबलासाठी मागवतो, आधी बेताचं, मग लागेल तसं पुन्हा. तंदुरी रोटी एका वेळी दोन-तीनच, गरम. लस्सी जेवणानंतर, आणि तीही वाटून. उरलं तर डबा बांधून घेतो, त्याची लाज बाळगत नाही. दोन मुलांच्या प्लेटी आणि वर घरी आल्यावरचं खाणं धरलं, तर बिलात म्हणावा तसा फरक पडत नाही. बुफेत वय खरं सांगतो आणि पूर्ण पैसे भरतो. परवडत नसेल तर बुफेला जात नाही. घरच्या पोळ्यांची संख्याही आता ठरलेली नाही.

मुलं काय मागवायचं ते वेटरला स्वतः सांगतात. थोरलीला हे जमायला वेळ लागला. बरेच दिवस ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची. कारण मी नुसतं कमी मागवलं नव्हतं, चारचौघांत बोललेही होते. "किती खाते ही आजकाल!" असं मी पाहुण्यांसमोर हसत म्हटलं होतं, आणि ते कौतुकाने म्हटलं होतं. तिने त्यातून एवढंच घेतलं, की भूक लागणं ही लपवायची गोष्ट आहे. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला भूक असायची, पण तू विचारायची नाहीस." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

तुमच्या घरात नऊ-दहा वर्षांच्या पुढचं मूल असेल, विशेषतः मुलगी असेल, तर पुढच्या वेळी मेनूकार्ड तिच्या हातात द्या. तिला विचारा, पोट भरलं का, आणि ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. दुसऱ्यांदा मागितलं तर डोळे मोठे करू नका, पुरे म्हटलं तर आग्रह करू नका. बिल वाढत असेल तर एखादा रविवार घरी जेवा, पण मुलाला अर्धपोटी उठवू नका आणि त्याचं वय चोरायला त्याला शिकवू नका.