सीनाकाठची बदकं

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी फजरची नमाज झाली की आम्ही घरची सगळी मंडळी मोहोळहून आष्टीच्या तलावावर जातो. थर्मासमध्ये चहा, डब्यात रोटी आणि उकडलेली अंडी. अब्बांना बदकं पाहायची असतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही नावं मुलं त्यांच्याकडूनच शिकली. चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतो. थापट्या आणि तलवार बदक त्याहून लांबून, पार सायबेरियातूनसुद्धा.

2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. आमच्या खालच्या रानातलं सोयाबीन गेलंच, मातीही खरवडून गेली. मधोमध मोठा खड्डा पडला आणि त्यात पाणी साचून राहिलं. अब्बा रोज बांधावर जाऊन उभे राहत, न बोलता परत येत.

डिसेंबरात तलावावर गेलो तर बदकं अगदी थोडी. यंदा ती आलीच नाहीत, असं आम्हाला वाटलं. पण इतक्या लांबून आल्यावरही ती एका जागी बसत नाहीत, हिवाळाभर पाणी बदलत राहतात. यातली बरीचशी बदकं बुडी मारून तळ गाठत नाहीत. मान खाली, शेपूट वर करून जेवढं चोचीला लागेल तेवढं खातात. खोल पाण्यात त्यांची उपासमारच. उजनी काठोकाठ भरली की कडेचा उथळ चिखल बुडतो आणि बदकं लहानसहान तळ्यांवर पांगतात. पिकांना पाणी सोडल्यावर धरण ओसरू लागतं, चिखल उघडा पडतो, मग तिथे गर्दी. भरलेली उजनी बघून आपण शुक्र अदा करतो, ती मात्र ओसरण्याची वाट बघत असतात!

एका संध्याकाळी मगरिबनंतर आमच्या खड्ड्यावर फडफड झाली. चक्रांगांचा थवा होता, पंचवीसेक तरी. ही लहान बदकं दिवसा मोठ्या पाण्यावर विसावतात आणि अंधार पडला की उथळ जागी चरायला येतात. मग ती रोज येऊ लागली.

वस्तीवर बातमी पसरायला कितीसा वेळ? शेजारचा एक पोरगा म्हणाला, "चाचा, जाळं लावू. एवढं नुकसान झालंय, अल्लाहनं रिझ्क दारात पाठवलंय."

अब्बांना बदकाचं सालन आवडायचं. त्यांच्या लहानपणी दादा बंदूक घेऊन तळ्यावर जात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर त्यांनी ते सोडलं. धाकट्यानं मध्येच सलीम अलींची गोष्ट काढली. त्यांनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली, ती वेगळी दिसली म्हणून मामांना दाखवली आणि तिथूनच त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. अब्बा हसले.

"नको बेटा," ते त्या पोराला म्हणाले. "कायदा तर आहेच. पण या रानातून यंदा कुणाच्या तरी तोंडात घास जातोय, जाऊ दे."

जानेवारीत खड्डा आटला आणि एका रात्री फडफड ऐकू आली नाही. पुढच्या रविवारी आष्टीला गेलो. तलावाचं पाणी मागे सरलं होतं, काठच्या चिखलात चक्रांग चरत होते. तेच की दुसरे, कसं ओळखणार? अब्बा मात्र ठामपणे म्हणाले, "आपलेच."

परतताना त्यांनी विचारलं, रानात गाळ टाकायला ट्रॅक्टर कुणाचा मिळेल.