टॅब बोलला की आई?

मे महिन्यात अकोल्यातला पारा दुपारी ४५ च्या आसपास असतो. टॅबच्या खोक्यात जी बारीक अक्षरांची घडीची पुस्तिका येते, तिला हे अकोला माहीत नसतं. आयपॅड वापरताना भोवतालची हवा ० ते ३५ अंशांत असावी, असं ॲपल सांगते. आमचा टॅब त्या कंपनीचा नाही, साधा अँड्रॉइड आहे, पण आतली लिथियम-आयन बॅटरी त्याच जातीची. कूलर चालू असेल तर आमच्या समोरच्या खोलीत कसेबसे ३५ अंश राहतात. लाइन गेली की तासाभरात चाळिशी ओलांडते. म्हणजे उन्हाळ्याचे अडीच महिने हा टॅब मर्यादेच्या काठावर किंवा काठाबाहेर जगतो.

एरवी याचं कुणाला काही वाटलं नसतं. सिनेमा अडकला असता, गेम बंद पडला असता. पण आमच्याकडे त्या टॅबवर आई बोलते.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. याला अफेजिया म्हणतात. जीभ शाबूत, कान शाबूत, समजतं सगळं. शब्द मात्र हाताशी येत नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये असा एक रुग्ण तपासला होता, त्याला 'टॅन' एवढाच एक उच्चार जमायचा. आईला 'हो' जमतं आणि 'राम' जमतं. एक ते दहा आकडे ती ओळीने घडाघडा म्हणते, पण मध्येच 'चार' म्हण म्हटलं तर चार सापडत नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, हे असंच असतं, पाठ झालेलं वेगळ्या वाटेने बाहेर येतं.

त्यांनीच चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं ॲप सुचवलं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो', चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' ही या प्रकारातली आपल्याकडची नावं. अशी बरीच ॲप मुळात लहान मुलांसाठी बनतात, त्यामुळे चेंडू आणि फुगा पहिल्या पानावर असतात आणि चहा कुठेच नसतो. आम्ही आमचे फोटो घालून पाटी तयार केली: आमच्या घरचा कप, आमचा माठ, बाबा, आत्या, बीपीची गोळी. अडीचशेच्या वर चौकोन झाले. पहिल्या पानावर चार उभ्या रांगा, प्रत्येकीत पाच चौकोन. टॅबमधला बाईचा आवाज शुद्ध पुणेरी आहे. 'मला पाणी हवं आहे,' असं ती म्हणते. आई आयुष्यात असं बोललेली नाही. 'पानी दे वं,' एवढंच. पण आवाज आला ही गोष्ट मोठी होती, त्यामुळे पुण्याची बाई आम्ही चालवून घेतली.

या मे महिन्यात ती बाई बिघडली.

आधी स्क्रीन मंद व्हायला लागली. ब्राइटनेस शंभरावर असतानाही दुपारी दोनच्या सुमारास चित्रं काजळी धरल्यासारखी दिसायची. हा बिघाड नव्हे, हे लोकांना सांगूनही पटत नाही. टॅबमध्ये पंखा नसतो. आतली उष्णता पाठीतून हवेत जाईल तेवढीच. तापमान वाढलं की टॅब स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि स्क्रीनमागचे दिवे मंद करतो, कारण उष्णता या दोघांतून बरीच निघते. तरी भागलं नाही तर चार्जिंग थांबवतो आणि शेवटी 'थंड होऊ द्या' अशी पाटी दाखवून बंद होतो. आमच्या टॅबला जाड रबरी कव्हर होतं, पडला तर फुटू नये म्हणून. उन्हाळ्यात ते कव्हर म्हणजे गोधडीच. काढलं आणि टॅब बाबांच्या पोथी ठेवायच्या लाकडी स्टँडवर ठेवला. पाठ मोकळी झाली, कूलरची हवा मागून लागायला लागली, आणि दोनची काजळी चारपर्यंत पुढे गेली.

आत्याचा उपाय याहून जोरदार होता. तिने एका दुपारी टॅब फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवला होता. तापलेली वस्तू एकदम गार केली आणि परत दमट हवेत आणली की आतल्या बाजूलाही दव धरू शकतं, आणि बोर्डावर पाणी म्हणजे गंज. कोथिंबिरीच्या शेजारून टॅब काढताना हे मी तिला समजावलं. 'माठ बाहेर ठेवतो, तुहा टॅब आत ठेवला तं काय झालं?' असं म्हणून तिने विषय संपवला.

दुसरं दुखणं चार्जिंगचं. ४१ टक्के दिसायचे आणि पाणी मागता मागता टॅब बंद. पुन्हा लावला की ३८. याचं कारण ऐकायला सोपं आहे. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. साधं पान दाखवताना व्होल्टेज टिकतं, पण स्पीकर, वायफाय, स्क्रीन सगळ्यांनी एकदम वीज ओढली की ते खाली बसतं आणि टॅब बंद पडतो. टक्क्यांचा आकडा हा हिशोबाने काढलेला अंदाज असतो, आणि हिशोब जुन्या, धडधाकट बॅटरीचा धरलेला असतो. लिथियम-आयनला दोन गोष्टी लवकर म्हातारं करतात: उष्णता, आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं. आमचा टॅब चार वर्षांचा, चार अकोल्याचे उन्हाळे खाल्लेला, आणि आईचा आवाज मध्येच जाऊ नये म्हणून दिवसभर चार्जरला जोडलेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी.

केबलही बदलून बघितली. स्वस्तातल्या लांब केबलीत तार बारीक असते. जाऊन-येऊन पाव ओहम रोध धरला आणि २ अँपिअर वाहिले तर अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. चार्जरने दिलेले ५ व्होल्ट टॅबपर्यंत साडेचार होऊन पोचतात. आखूड, जाड केबल आणल्यावर चार्जिंग लवकर व्हायला लागलं. आकड्यांच्या उड्या चालूच राहिल्या, म्हणजे दोष बॅटरीचाच.

इथपर्यंत सगळं मला आवडत होतं, खरं सांगायचं तर. तिसऱ्या दुखण्याने ती मजा घालवली.

टॅब 'मला घरी जायचं आहे' असं म्हणायला लागला. दुपारीच, दिवसातून पाच-सहा वेळा. हा चौकोन आम्ही दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी ठेवला होता, पहिल्या रांगेत अगदी खाली. आई घरातच, तिच्या नेहमीच्या पलंगावर. आणि टॅब म्हणतोय, घरी जायचं.

बाबा पहिले दोन दिवस हसले. 'अवं, घरीच हायेस तू.' तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं. आई मान हलवायची, पण तिची मान 'हो'ची की 'नाही'ची हे झटक्यानंतर नक्की सांगता येत नाही. रात्री ओट्याशी येऊन बाबा मला म्हणाले, 'तिले इथं करमत नाही का वं? माहेरी सोडू का चार दिवस?' दोन वर्षं हा माणूस तिची वेणी घालतोय. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. मामाला फोनही झाला.

मला दुपारची वेळ खटकत होती. आईला माहेर फक्त दोन ते पाचमध्येच कसं आठवतं?

टचस्क्रीनची गंमत अशी की ती दाब मोजत नाही. काचेखाली पारदर्शक तारांची जाळी असते, उभ्या आणि आडव्या. बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारिता किंचित बदलते. हा बदल पिकोफॅरडमध्ये मोजतात. एक पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा लाख कोटीवा भाग. एवढी नाजूक मोजणी चालू असताना चार्जरकडून विजेचा खडखडाट आला तर टॅबला बोट कुठे आहे ते नीट कळत नाही. आपले बहुतेक चार्जर दोन पिनांचे, अर्थिंग नसलेले. त्यांच्यातून अगदी थोडी वीज पलीकडे झिरपते. धातूच्या पाठीवर हात ठेवल्यावर कधीकधी झिणझिण्या येतात त्या याच. बोट काचेला लागलं की हा खडखडाट बोटातून, अंगातून वाट काढतो, आणि खोटे स्पर्श बहुधा त्या बोटाच्याच रांगेत वर-खाली उमटतात. यालाच दुकानात घोस्ट टच म्हणतात.

पहिल्या रांगेत सगळ्यात वर काय होतं? चहा.

हे तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात 'शो टॅप्स' चालू करायचं. मग टॅबला जिथे जिथे स्पर्श झाला असं वाटतं तिथे पांढरा ठिपका दिसतो. मी आईच्या शेजारी बसले आणि म्हटलं, आई, चहा माग. भिंतीच्या प्लगवर: दहापैकी एकदा ठिपका खाली घसरला. मग मेन स्विच बंद करून घर इन्व्हर्टरवर घेतलं. आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हवाला. त्यावर पंखाही गुणगुणतो. दहापैकी सहा वेळा आईच्या बोटाखाली एक ठिपका आणि खाली, त्याच रांगेत, दुसरा. 'मला घरी जायचं आहे.' शेवटी चार्जर काढून पॉवर बँक लावली, जिचा भिंतीशी काही संबंध नाही. दहापैकी शून्य.

दुपारी दोन ते पाच आमच्याकडे लाइन जाते. आणि आईला चहा साडेतीनला लागतो.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ ठिपक्यांकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, 'म्हंजे तू चहा मागत होती, अन् मी तुह्या भावाले फोन लावत होतो.' आई हसली. तिचं हसू डाव्या बाजूने येतं.

आता दुरुस्ती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टॅब पाच मिनिटं बघून 'मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या' असं सांगण्यात आलं, आणि तपासायचा असेल तर सगळा डेटा पुसावा लागेल, अशी अट. अडीचशे चौकोनांची पाटी पुसायची म्हणजे आईची पुन्हा वाचा घालवायची. पाटीची फाइल मी आधीच काढून दोन ठिकाणी ठेवली होती, तरी टॅब दिला नाही. (असं ॲप वापरणारं कुणी घरात असेल तर हे वाचून झाल्यावर तेवढं करा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.) बाजारातल्या एका मोबाईलवाल्या भाऊंनी टॅब काउंटरच्या सपाट काचेवर उताणा ठेवून भोवऱ्यासारखा फिरवून बघितला. बॅटरी फुगलेली असती तर पाठीला पोक येऊन तो गरगर फिरला असता. नाही फिरला. 'फुगली नाही, थकली हाय फक्त,' भाऊ म्हणाले. नवी बॅटरी तासाभरात बसली. मदरबोर्ड अजून चालतोय.

नव्या बॅटरीवर दिवस निघतो, त्यामुळे आई बोलत असताना चार्जर लावायची गरजच पडत नाही. रात्री लावतो, तोही ८०-८५ टक्क्यांवर काढतो. पाटीच्या चौकोनांची पुसट जाळी स्क्रीनवर उमटून राहायची, एकच चित्र तापलेल्या एलसीडीवर तासन्‌तास ठेवल्यामुळे. स्क्रीन मधूनमधून बंद ठेवायला लागल्यावर तीही आठवड्याभरात विरली.

'शो टॅप्स' मात्र मी बंद केलं नाही. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात जे झालं ते नीट दिसलं. सकाळची वेळ, चार्जर नाही, टॅब गार, ७६ टक्के. आईने बोट खाली नेलं. एकच पांढरा ठिपका, बरोबर तिच्या बोटाखाली. 'मला घरी जायचं आहे.'

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी टॅबकडे. आईने पुन्हा दाबलं.

'कोन्त्या घरी?' बाबांनी विचारलं. पाटीवर घर एकच होतं, कौलारू, लाल दाराचं, ॲपबरोबर आलेलं. बाबा उठले, कपाटातून जुना अल्बम काढला आणि एकेक फोटो तिच्यापुढे धरायला लागले. माहेरचा वाडा: नाही. आत्याचं घर: नाही. हे घर, बांधकाम चालू असतानाचं: नाही. मूर्तिजापूरची भाड्याची खोली, लग्नानंतर पहिली दोन वर्षं राहिले ती, दारात तुळशीचा डबा: आईने डावा हात फोटोवर ठेवला आणि उचलला नाही. मी त्या फोटोचा फोटो काढून नवा चौकोन केला.

पहिला पाऊस पडल्यावर गेलो. खोली राहिलेली नाही, त्या जागेवर दुकानगाळे झालेत. बाबा मालकाला पुन्हापुन्हा विचारत होते, मागचं आड तरी आहे का. आईने गाडीत बसूनच सगळं बघितलं, मग मांडीवरचा टॅब जवळ ओढला आणि पहिल्या रांगेत वर बोट ठेवलं. चहा हवा होता.