मुरूडची भैरवी

शनिवारी दापोलीहून उतरलो ते थेट हर्णै बंदरात. संध्याकाळचा लिलाव भरात होता. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग किनाऱ्यावरच आणि मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. किती महिन्यांनी आम्ही दोघं घड्याळ न बघता चाललो!

रविवारी मुरूडला मुलींच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी कार्यक्रम. मी गायले, नवऱ्याने तबल्याची साथ केली. समुद्राच्या दमट हवेनं तबला सारखा उतरायचा. प्रत्येक गाण्याआधी हातोडी हातात. पण भीमपलास रंगला आणि पुढच्या रांगेतल्या आज्ज्या माना डोलवू लागल्या. भैरवीनंतर त्यांच्यातल्या एकीनं कनवटीची घडी घातलेली नोट काढून मदतपेटीत टाकली. मला भरून आलं. नवऱ्याचेही डोळे ओले झाले होते.

महर्षी कर्व्यांचं बालपण याच गावातलं. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यासाठी दारोदार फिरून वर्गणी जमवली. मोठ्या थैल्यांपेक्षा अशा लहान वर्गणीवर माझा विश्वास अधिक. तीत गाव स्वतः सामील असतो.

तुम्हाला गाता-वाजवता येत असेल, तर जवळच्या एखाद्या शाळेसाठी, वसतिगृहासाठी एक संध्याकाळ नक्की द्या.