अर्ध्या तासाचा समुद्र

सप्टेंबर २०२२ मध्ये आम्ही उभयता ग्रीसला गेलो ते संत पौलाच्या पाऊलखुणा पाहण्यासाठी. अथेन्स आणि करिंथ येथील दर्शने आटोपून आमच्या यात्रेकरूंचा जथा वसईला परतला. आम्ही मात्र चार दिवस मागे राहिलो. कारण घरगुती होते. कुवेतला नर्स असलेल्या आमच्या लेकीने निघण्यापूर्वी फोनवर सांगितले होते, "एवढ्या लांब जाताच आहात, तर तिनोस बेटावर मरियामातेपाशी माझ्यासाठी एक मेणबत्ती लावून या."

विनंती साधीच, परंतु तीन वर्षांत तिने आमच्याकडे काही मागावे असे हे पहिलेच. २०१९ साली तिने केरळातील एका ऑर्थोडॉक्स तरुणाशी लग्न केले. बिशपांची रीतसर परवानगी होती, दोन्हीकडचे धर्मगुरू राजी होते. अडून बसलो ते आम्ही. लग्न त्यांच्या चर्चमध्ये आहे, एवढ्या एका कारणासाठी आम्ही गेलो नाही. पुढे दोनदा तिची कूस उजवता उजवता राहिली, तेव्हाही आम्ही जपून, मोजके बोललो. आणि आता ही मेणबत्ती. तीही ऑर्थोडॉक्सांच्याच तीर्थक्षेत्री! केरळचे ऑर्थोडॉक्स आणि ग्रीसचे ऑर्थोडॉक्स हे एक नव्हेत, पाचव्या शतकातच त्यांची ताटातूट झाली, हे आम्हांला ठाऊक होते. पण रुसलेल्या माणसाला असले बारकावे सोयीचे नसतात.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सुटलेली बोट आधी सिरोस बेटाला लागते, मग तिनोसला. आम्ही सिरोसलाच उतरलो. तिथे कॅथलिकांची जुनी वस्ती आहे. दोन रात्री आपल्या माणसांत काढाव्यात, असे आम्ही एकमेकांना सांगितले. खरे म्हणजे तिनोस जितके लांबणीवर पडेल तितके आम्हांला हवे होते.

सिरोसची राजधानी एर्मूपोली. तिच्या पाठीशी दोन टेकड्या. समुद्राकडून पाहिले तर डावीकडची आनो सिरोस, कॅथलिकांची. माथ्यावर संत जॉर्जचे कॅथेड्रल. उजवीकडची ऑर्थोडॉक्सांची, तिच्या माथ्यावर पुनरुत्थानाचे चर्च. १८२१ साली ग्रीसचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले, तेव्हा खिओस, प्सारा अशा बेटांवरून जीव वाचवून आलेल्या ऑर्थोडॉक्स निर्वासितांनी या टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसवले. दोन माथे आता समोरासमोर उभे आहेत. आनो सिरोसच्या पायऱ्या चढून आम्ही मिस्सा ऐकली. भाषा ग्रीक, एक शब्द कळेना. पण कुठे उठायचे, कुठे गुडघे टेकायचे, यात आमची चूक झाली नाही.

तिसऱ्या दिवशी निघायचे, तर वारा सुटला. इथल्या उत्तरेच्या वाऱ्याला मेल्तेमी म्हणतात. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि समुद्र मात्र पांढऱ्या फेसाने खवळलेला. आपल्याकडे वादळ ढगांनिशी येते. हे कोरडे वादळ आम्हांला नवीन होते. वाऱ्याचा जोर बोफर्ट मापाने आठाच्या आसपास गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत. तो दिवस आम्ही धक्क्यावर बसून काढला. परत फिरायला हे निमित्त पुरे आहे, असा विचार आम्हां दोघांच्याही मनात आला. बोलून मात्र कोणी दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी बोट आली. या बोटी धक्क्याला आडव्या लागत नाहीत. बंदरात शिरल्यावर त्या जागच्या जागी फिरतात, नांगर टाकून पाठमोऱ्या मागे सरतात आणि पाठीमागचा भला मोठा लोखंडी दरवाजा साखळदंडांवर धक्क्यावर उतरतो. मग खलाशांच्या शिट्ट्या, ट्रक, मोटारी, माणसे, सारे एकाच तोंडाने बाहेर, आणि त्याच तोंडाने दुसरे आत. काही मिनिटांचाच खेळ. नायगाव-पाणजूच्या तरीत चढताना आम्ही जितके सावकाश असतो, तितके सावकाश इथे राहता येत नाही. गाड्यांच्या तळमजल्यावर सामानासाठी मांडण्या असतात, त्यांवर बेटांची नावे. "तिनोस" लिहिलेल्या फळीवर पिशवी ठेवून आम्ही वरच्या डेकवर गेलो.

बाकावर शेजारी एक काळ्या वस्त्रांतली वृद्धा आणि तिची कॉलेजात शिकणारी नात होती. म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली, पुरुषभर उंचीची मेणबत्ती. नातीला इंग्रजी येत होते. कुठले, कशासाठी आलात, असे नेहमीचे प्रश्न झाले. आम्ही जपमाळ दाखवली, तशा आजीबाई स्वतःच्या छातीवर बोट ठेवून आनंदाने म्हणाल्या, "फ्रांगी!"

नातीने उलगडा केला. क्रुसेडच्या काळापासून ग्रीक लोक पश्चिमेकडच्या ख्रिस्ती माणसाला फ्रांगोस, म्हणजे फ्रँक, म्हणत आले. त्यामुळे इथल्या कॅथलिकांनाही तेच नाव पडले. माणूस पिढ्यानपिढ्या ग्रीक बोलणारा का असेना, तो फ्रांगोस! आम्ही एकमेकांकडे पाहिले. वसईच्या शाळेत, एसटीच्या रांगेत, बाजारात आम्ही लहानपणापासून जो शब्द ऐकला, तो हाच. फिरंगी! फ्रँकांचे हे नाव अरबी-फारसीतून फिरत फिरत आमच्या दारापर्यंत आले होते. तिनोसवरून १७१५ साली व्हेनिसचे राज्य गेले, वसईवरून १७३९ साली पोर्तुगिजांचे. राज्यकर्ते गेले आणि नाव तेवढे मागे राहिलेल्यांना चिकटले. हे ऐकून आजीबाई इतक्या हसल्या, की त्यांची मेणबत्ती निसटता निसटता वाचली. नातीने सांगितले, आनो सिरोसला १९०५ साली कॅथलिक घरात जन्मलेल्या मार्कोस वाम्वाकारिस या संगीतकाराने "फ्रांगोसिरियानी", म्हणजे सिरोसची फिरंगीण, असे गाणेच रचले, आणि ते आता सारा ग्रीस गातो.

"मग तिनोसला मेणबत्ती कशी?" आम्ही विचारले.

आजीबाईंचे यजमान ऑर्थोडॉक्स होते, मूळचे तिनोसचे. त्यांच्या मृत्युदिनाच्या सुमारास दरवर्षी त्या ही मेणबत्ती नेतात. नातीचा बाप्तिस्मा ऑर्थोडॉक्स, तिच्या मामेभावांचा कॅथलिक. पण मग ईस्टर दोनदा येत असेल? कारण जगात या दोन सभांच्या तारखा बहुधा निरनिराळ्या असतात. नात म्हणाली, "सिरोसला ईस्टर एकाच दिवशी. कॅथलिकही ऑर्थोडॉक्सांचीच तारीख पाळतात. नाही तर एका घरात लाल अंडी दोनदा कोण रंगवत बसणार?"

बोट बंदराबाहेरचे दीपगृहाचे लहानसे बेट ओलांडून मोकळ्या पाण्यात आली आणि डोलू लागली. मागे दोन टेकड्या अजून दिसत होत्या. अंतर वाढले तसे दोन्ही माथे जवळ जवळ आल्यासारखे वाटू लागले. आम्ही लेकीबद्दल सांगितले. ऑर्थोडॉक्स जावई म्हटल्यावर आजीबाईंनी उत्साहाने काही विचारले. नात म्हणाली, "आजी विचारतेय, लग्न कसे झाले? पुष्कळ माणसे होती का?"

आम्ही सांगितले, आम्ही गेलो नव्हतो.

भाषांतर करण्यापूर्वी मुलीने क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग हलक्या आवाजात तिने ते सांगितले. आजीबाई काही बोलल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी लुकुमीचा डबा काढला, सिरोसची ही मिठाई प्रसिद्ध आहे, आणि आमच्यापुढे धरला. वाऱ्याने त्यावरची साखर उडून आमच्या काळ्या कपड्यांवर पसरली. ती झटकण्यात आम्ही बराच वेळ घालवला.

तिनोस जवळ आले. बंदरापासून एक सरळ रस्ता टेकडीवर चढतो. त्याच्या टोकाशी पवित्र मरियेचे पांढरे मंदिर. ते दिसताच डेकवरची माणसे उठली. सारे क्रूसाची खूण करू लागले, आधी उजवा खांदा, मग डावा. आजीबाईंनी आमच्यासारखी केली, आधी डावा. नातीने उजवा. दोघी एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

पेलागिया नावाच्या संन्यासिनीला झालेल्या दर्शनांनंतर ३० जानेवारी १८२३ रोजी येथे जमिनीत गाब्रिएल दूताच्या संदेशाची प्रतिमा सापडली, आणि तिच्यासाठी हे मंदिर उभे राहिले. १५ ऑगस्ट हा इथला मोठा सण. १९४० साली याच दिवशी सणासाठी बंदरात उभी असलेली "एली" ही ग्रीक युद्धनौका इटालियन पाणबुडीने बुडवली. रस्त्याच्या कडेला गालिच्याची लांब पट्टी अंथरलेली आहे, गुडघ्यांवर चढणाऱ्यांसाठी. वेलांकनीला असे भाविक आम्ही पाहिले आहेत. एक तरुणी पाठीवर पिशवी घेऊन चढत होती. तिचा नवरा शेजारून चालत पाण्याची बाटली पुढे करत होता. आम्ही पायांनीच चढलो. गुडघ्यांची तक्रार जुनी आहे.

आत छतापासून चांदीच्या दिव्यांबरोबर नवसाच्या वस्तू लोंबत होत्या: जहाजे, हात, पाय, पाळणे. वांद्र्याच्या माउंट मेरीला ज्या मेणाच्या मिळतात, त्या इथे धातूच्या. आम्ही एकाऐवजी दोन मेणबत्त्या घेतल्या आणि लावल्या. गर्दी इतकी, की सेवक अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या काढून नव्यांना जागा करून देत होता. आमच्या दोन्ही पाचेक मिनिटे तरी जळाल्या.

संध्याकाळी धक्क्यावर बोटीची वाट पाहत आम्ही कुवेतला फोन लावला. लेक ड्यूटीवर होती. फोन जावयाने उचलला. तीन वर्षांत त्याचा आवाज आम्ही प्रथमच नीट ऐकत होतो. काय बोलावे ते सुचेना. त्यानेच विचारले, "पप्पा, मम्मी, बोटीत वारा फार होता का?"

होता, असे आम्ही म्हणालो, आणि मग त्याला सगळा प्रवास पहिल्यापासून सांगू लागलो.