डोळ्यांची आखणी

ऑगस्टमध्ये आमच्या घरी कुणी आजारी पडत नाही. पडलं तरी सांगत नाही. तुमच्या ऑफिसात मार्च एंडिंगला जी धावपळ असते ना, ती आमच्याकडे गणपतीआधी. आम्ही पेणचे. घरामागेच कारखाना, आणि आमच्याकडे कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच.

बाबा आखणी करतात. म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. साचा कुणीही भरेल, रंगाचा हातही कुणी मारेल, पण डोळ्यांना कसबी माणूस लागतो. गिऱ्हाईक मूर्ती निवडतं ते डोळे बघून. केसाएवढी रेघ, तीही श्वास रोखून, एका दमात. चुकली तर देवाची नजर तिरकी!

चार वर्षांपूर्वी बाबांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. आधी त्यांनी ब्रशला दोष दिला, मग चष्म्याला. शेवटी मी त्यांना मुंबईला आणलं. न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना चालायला लावलं, बोटांची उघडमीट करायला लावली आणि नाव सांगितलं : पार्किन्सन्स. आपल्याकडचा कंपवात.

मेंदूत खोलवर काही पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचाली सुरळीत राहायला ते लागतं. या आजारात त्या पेशी एकेक करून मरत जातात आणि हात थरथरायला लागेपर्यंत निम्म्याहून जास्त संपलेल्या असतात. त्यावरची गोळी म्हणजे लेव्होडोपा. ती मेंदूत गेली की तिचं डोपामिन होतं. पहिली दोन वर्षं जादू झाली. मग गोळीचा असर लवकर उतरायला लागला. आता आमच्या घरात 'ऑन' आणि 'ऑफ' हे शब्द फक्त पंख्यासाठी नाहीत. सकाळी साडेनऊ ते अकरा बाबा ऑन. नंतर ब्रश खाली.

गेल्या दिवाळीनंतर रोह्याहून आत्या आली ती एक रंगीत माहितीपत्रक घेऊनच. स्टेमसेल! कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या कण्यात इंजेक्शनने सोडायच्या. तीन सिटिंग, साडेचार लाख. मागच्या पानावर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो.

"माझा भाताचा तुकडा विकते," आत्या म्हणाली. "भाव चांगला आलाय. जमीन काय वर न्यायचीय, दादा?"

बाबा काहीच बोलले नाहीत. आईने माझ्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "तू मुंबईत राहतेस, कॉम्प्युटर येतो तुला. तूच काय ते बघून सांग."

आता मी काही डॉक्टर नाही. लोअर परळला एक्सेल शीट भरते. पण पुढचे तीन वीकएंड मी फक्त वाचत बसले. खरं सांगू? मला ते माहितीपत्रक खरं ठरायला हवं होतं.

कल्पना वेडगळ नाहीये, हे पहिल्याच दिवशी कळलं. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या लावायचा प्रयत्न स्वीडनमधल्या लुंडला १९८७ मध्येच झाला होता, गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणांच्या मेंदूतल्या पेशी वापरून. काही पेशंट खरंच सुधारले. मग अमेरिकेत रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. चाळीस पेशंट. निम्म्यांच्या मेंदूत पेशी सोडल्या, उरलेल्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली. कुणाला काय मिळालं, ते वर्षभर पेशंटना सांगितलं नाही. साठीच्या आतल्यांना थोडा फायदा दिसला, वरच्यांना नाही. पुढे पेशी मिळालेल्या ३३ पैकी पाचजणांचं अंग गोळ्या कमी करूनही वेडंवाकडं हलायला लागलं, ते थांबेना.

आणि यातली सगळ्यात अजब गोष्ट २००४ मध्ये छापून आली. ज्यांना 'आपल्याला पेशी मिळाल्या' असं वाटत होतं, त्यांना वर्षभरानंतर जास्त बरं वाटत होतं. मग डोक्याला नुसतं भोक का असेना! माहितीपत्रकातले हसरे म्हाताऱ्यांचे फोटो मला तेव्हा समजले. ते खोटं हसत नसतीलही.

मग आशा आहे कुठे? आहे. एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात दोन चाचण्या एकदमच आल्या. एक जपानमधल्या क्योटोची, सात पेशंटची. दुसरी अमेरिका-कॅनडातली, बारा पेशंटची. दोन्हीकडे मूलपेशींपासून प्रयोगशाळेत डोपामिन बनवणाऱ्या पेशी घडवल्या आणि मेंदूत नेमक्या जागी नेऊन लावल्या. क्योटोत दोन्ही बाजू मिळून सुमारे पन्नास लाख ते एक कोटी. दोन वर्षांत मोठा अपाय झाला नाही आणि ज्या सहाजणांचा परिणाम मोजला, त्यातले चौघे गोळीचा असर नसतानाही आधीपेक्षा बरे हलत होते. पण नीट वाचा : सात आणि बारा. आमच्या कारखान्यात याहून जास्त माणसं आहेत.

जीन थेरपीचंही तसंच. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर हवं ते जनुक बसवून मेंदूत पाठवायचं, कुरियर बॉयसारखं. लेव्होडोपाचं डोपामिन करणारं एक एन्झाइम असतं. ते ज्या मुलांमध्ये जन्मतःच नीट बनत नाही, त्यांच्यासाठी अशा उपचाराला युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मान वर धरता न येणारी काही मुलं त्यानंतर बसायला लागली. पार्किन्सन्ससाठी मात्र जीन थेरपीच्या चाचण्याच चालल्यात.

आणि आपल्याकडे? 'आयसीएमआर'ची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अगदी साध्या शब्दांत सांगतात : रक्ताच्या ठरावीक आजारांत मूलपेशींचा उपचार मान्य, बाकी सगळं संशोधन. संशोधन असेल तर पेशंटकडून उपचाराची फी घ्यायची नसते. आमच्या न्यूरॉलॉजिस्टना मी माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "मगजातली पेशी डोपामिन बनवायला कधी शिकली? आणि पाठीतून मेंदूतल्या त्या जागी पोचणार कशी?"

शनिवारी मी पेणहून दिवा-रोहा गाडी पकडली. कासू, नागोठणे, रोहा. तासाभराचाही प्रवास नाही, पण आत्याला काय सांगायचं ते शेवटपर्यंत ठरेना. ती पडवीतच बसली होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

याला उत्तर कुठल्याच वेबसाइटवर नव्हतं. माझा भाऊ आजारी आहे आणि माझ्याकडे जमीन आहे, इतका सरळ तिचा हिशेब. मी म्हटलं, "जमीन ठेव. फिजिओथेरपिस्ट लावायचाय, त्याचे पैसे दरमहा निम्मे तू दे." तिने डोळे पुसले आणि भाव केला. "निम्मे नाही, सगळे."

रात्री बाबांना सांगितलं. क्योटो त्यांना आवडलं. भोकांची गोष्ट त्याहून आवडली. "नुसत्या भोकाने बरं वाटलं? मग तुझ्या आत्याने धावीर महाराजांचा अंगारा दिलाय, तो फुकट आहे." खूप दिवसांनी आम्ही तिघं एकदम हसलो.

मग मी त्यांना खाजकुयलीचं सांगितलं. लहानपणी डोंगरात जाऊन तिच्या शेंगांची लव ते मित्रांच्या सदऱ्यात टाकायचे. तिच्याच बियांतून १९३७ मध्ये दोन भारतीय शास्त्रज्ञांनी लेव्होडोपा वेगळं काढून दाखवलं होतं. (बिया कुटून खाऊ नका, डोसचा काही भरवसा नसतो.) बाबा गोळीकडे बघत म्हणाले, "म्हणजे तेव्हाच्या खोड्या आता वसूल होतायत."

यंदा कारखान्यात नवा नियम आहे. साडेनऊ ते अकरा बाबांशी कुणी बोलायचं नाही. दीड तासात पूर्वी वीस मूर्तींचे डोळे व्हायचे, आता चार होतात. बाकीच्या मूर्ती हमरापूरचा एक मुलगा करतो. बाबा त्याच्या मागे स्टूल टाकून बसतात. हात मांडीखाली दाबलेले, म्हणजे थरथर त्याला दिसायला नको.

"श्वास सोडू नकोस," ते सांगतात. "रेघ संपली, की मग सोड."

परवा निघताना त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या जपानवाल्यांचं पुढे काय झालं, ते बघत राहशील ना?"

बघतेय, बाबा. एक्सेल शीटच्या मागे एक विंडो कायम उघडी असते.