दुसरी नोकरी, दुसरं माणूस

पुण्यात भाड्यानं राहणारी चार जोडपी शनिवारी रात्री एकत्र जमली की साडेदहाच्या सुमाराला एक वाक्य हमखास येतं. 'बास झालं यार, गावाकडं परत जायला पाहिजे.' टँकरचं पाणी, नगर रोडचं ट्रॅफिक, शाळेची फी असं सगळं बोलून झालेलं असतं. एक गोष्ट मी बऱ्याच शनिवारी नोंदवली आहे: हे वाक्य म्हणणारा जवळपास नेहमी पुरुष असतो. बायका मान हलवतात आणि ताटं उचलायला लागतात.

आमच्याकडे हे वाक्य गेल्या डिसेंबरपर्यंत नुसतं वाक्यच होतं. मग गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीनं नवऱ्याला बोलावलं. तो चाकणला कास्टिंगच्या क्वालिटीत आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं काम म्हणजे त्याच्यासाठी अगदी घरचं अंगण. पगार चौथाईनं कमी, पण हुद्दा वरचा. राजारामपुरीत सासऱ्यांनी बांधलेलं घर आहे, म्हणजे भाडं शून्य. कंपनीच्या बसमध्ये रोज जाणारे त्याचे तीन तास वाचणार. सासूबाई तिथं एकट्या असतात, वय एकाहत्तर. आणि लेक जूनमध्ये पहिलीत जाणार होती, म्हणजे शाळा बदलायची तर आत्ताच. सगळं इतकं जुळून आलं होतं की नाही म्हणणारी वाईटच ठरणार होती. ती मी होते.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, ऑफिस खराडीला. म्हणून आम्ही वाघोलीत राहतो. वाघोली २०२१ साली तेवीस गावांच्या लॉटमध्ये पुणे महापालिकेत आली. त्याआधी २०१७ साली अकरा गावं आली होती. पत्ता पुण्याचा झाला, पाणी अजून टँकरचं आहे. याउलट कोल्हापूरची महापालिका १९७२ची, आणि हद्दवाढीची चर्चा अर्धं शतक नुसती चालत राहिलेली. शहराच्या विकासासाठी ते कदाचित वाईट असेल. पण त्यामुळे ते शहर अजून एका माणसाच्या आवाक्यात आहे. रंकाळ्यावरून स्टेशनला जायला स्कूटरवर वीस मिनिटं लागली तरी लोक 'केवढं ट्रॅफिक वाढलंय' म्हणतात. मी मनात हसते.

मला कोल्हापूर आवडत नाही असं अजिबात नाही. गंगावेशीत म्हैस समोर पिळून ग्लासात दिलेलं फेसाळ दूध पिऊन रात्री घरी चालत यायचं, हे सुख पुण्यात पैसे टाकून मिळत नाही. सुट्टीत महिनाभर तिथं राहिली की लेक 'मी आलो', 'मी जेवलो' असं बोलायला लागते, कारण तिथल्या बायका तशाच बोलतात. तिला कुणी दुरुस्त करत नाही. तिथं शेजारच्या घरात शिरायला आधी मेसेज टाकावा लागत नाही.

तर आम्ही रीतसर एक्सेल शीट केली. भाडं, फी, पेट्रोल, प्रवासाचे तास, डॉक्टर. बेरीज मारली की कोल्हापूर दर महिन्याला पुढे. माझ्या पगाराच्या ओळीत नवऱ्यानं कोल्हापूरच्या रकान्यातही तोच आकडा टाकला होता आणि पुढे कंसात लिहिलं होतं, 'वर्क फ्रॉम होम'. मी विचारलं, हे कुणी दिलंय? माझं ऑफिस तेव्हा आठवड्यातले तीन दिवस हजेरी मागत होतं. तो म्हणाला, 'बोलून बघ ना.' बोलून बघितलं. मॅनेजरनं सहा महिन्यांसाठी हो म्हटलं, पुढचं पुढे.

पुढचं पुढे म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मार्च २०२३मध्ये माझी नोकरी गेली होती. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. त्या वर्षी अशा बऱ्याच होत्या. पंधरा मिनिटांची मीटिंग, मग लॅपटॉप परत. सात आठवड्यांनी मला दुसरी नोकरी लागली, जुन्या ऑफिसपासून चालत बारा मिनिटांवर. त्या सात आठवड्यांत मी भरपूर रडले. पण लेकीची शाळा बदलली नाही, घर बदललं नाही, दूधवालासुद्धा बदलला नाही. मोठं शहर आपल्याला जे देतं त्यात मला मॉल, मेट्रो, नाटकं यांपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं: पहिली नोकरी गेली तर दुसरी त्याच रस्त्यावर असण्याची शक्यता.

अल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८९०च्या त्याच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' या ग्रंथात हे मांडून ठेवलंय. एकाच धंद्याचे कारखाने एका ठिकाणी जमले की कसबी माणसाला तिथं कायम गिऱ्हाईक मिळतं. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचं अगदी हेच आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. एका मालकाशी बिनसलं तर नवरा दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पण मार्शल तिथंच थांबत नाही. तो म्हणतो की नुसत्या लोखंडाच्या कामाच्या भागात धडधाकट पुरुषांना मजुरी चांगली मिळते, पण बायकांना देण्यासारखं काम नसतं, म्हणून कुटुंबाची मिळून कमाई कमीच राहते. हे मी रात्री फोनवर वाचलं आणि नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं. तो झोपेत म्हणाला, 'एकशे तीस वर्षं जुनं आहे ते.' मी म्हटलं, हो ना.

आता कोल्हापुरात आयटी अजिबात नाही असं नाही. छोट्या कंपन्या आहेत, आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून पोरापोरींना शिकवून बाहेर पाठवतंय. पण आमच्या गल्लीत आणि नात्यात माझ्या वयाच्या ज्या सुना आहेत त्यांच्याकडे मी नीट बघते. एक एमसीए आहे, एक एम. फार्म., एक माझ्यासारखीच इंजिनिअर. पहिली ट्यूशन घेते, दुसरी व्हॉट्सॅपवर कुर्ती विकते, तिसरी 'सध्या घरीच'. तिघीही हुशार आहेत, त्यांचं बरं चाललंय. मात्र त्यांच्या कामाचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी पटकन म्हणतं, 'वेळ जातो तिचा.' मला माझा वेळ जायला नको आहे.

दुसरी बाजू मी लपवणार नाही, कारण ती मला रात्री जागवते. मागच्या पावसाळ्यात आम्हा दोघांना एकदमच डेंग्यू झाला. लेक पाच वर्षांची. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोघं तापानं फणफणलेले, आणि ती आमच्या मध्ये बसून कार्टून बघतेय. ॲपवरून खिचडी आली, रक्त तपासणारा मुलगा घरी येऊन गेला. सगळी सोय होती, फक्त माणूस नव्हतं. शेजारच्या काकूंनी एकदा डबा दिला, त्यांचंही ऑफिस असतं. तिसऱ्या दिवशी सासूबाई रात्रीच्या एसटीनं आल्या आणि पहाटे दारात उभ्या राहिल्या तेव्हा मला हुंदका आवरला नाही. लहान शहरात माणूस पडला तर त्याला उचलायला दुसरं माणूस असतं. हे त्या शीटमध्ये कुठल्या ओळीत लिहायचं?

आणि हे उलटही लागू आहे. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तिथं ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. आमच्या गल्लीत पाणी येत नाही, तरी सासूबाई घरात एकट्या होत्या आणि नवरा इथं फोन हातात घेऊन फेऱ्या मारत होता. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. २३० किलोमीटर म्हणजे एरवी पाच तास. त्या दिवसांत ते अंतर अमेरिकेइतकं होतं. तो त्याबद्दल फार बोलत नाही. पण 'परत जाऊया' म्हणताना त्याच्या डोळ्यासमोर गंगावेशीतलं दूध नसतं, हायवेवरचं पाणी असतं. हे मला कळतं, आणि म्हणूनच त्याच्याशी नुसतं भांडून भागत नाही.

फेब्रुवारीत आम्ही कोल्हापूरला गेलो आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. आम्हा दोघांनाही वाटत होतं त्या हरखून जातील. त्यांनी शेंगा सोलता सोलता विचारलं, 'पोरगी शाळेतनं आली की कोण बघणार?' नवरा म्हणाला, 'तू आहेसच की.' 'चारला मी देवळात असतो,' त्या म्हणाल्या. 'शुक्रवारी आमची भिशी. आणि गुडघं बघितलंस काय माझं?' मग माझ्याकडं बघून, 'या की, घर तुमचंच हाय. पण माझ्या नावावर खपवू नका.'

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते आदर या शब्दात बसत नाही. आमच्या शीटमध्ये 'पाळणाघर : ०' असं लिहिलं होतं. ते शून्य म्हणजे एकाहत्तर वर्षांच्या बाईची दुपार होती, आणि ती फुकट नव्हती. लहान शहर स्वस्त पडतं तेव्हा त्यातला बराच भाग घरातल्या कुठल्यातरी बाईनं न मागितलेल्या पगाराचा असतो. एका घरात ती सून असते, दुसऱ्या घरात सासू.

परतीच्या रस्त्यात, कराडच्या पुढे, मी नवऱ्याला एक प्रश्न विचारला जो मला स्वतःलाही आधी सुचला नव्हता. माझं माहेर नांदेड. २०११च्या जनगणनेत नांदेड आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरं साडेपाच लाखांच्या घरात, फरक हजार-दीड हजारांचा. नांदेडलाही भाडं कमी आहे, शाळा आहेत, मोठं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. माझे आई-बाबाही तिथं दोघंच असतात. बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. पुण्याहून रात्रभराचा प्रवास. मग 'लहान शहरात जाऊया' हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा आलं, त्यात नांदेड एकदाही कसं आलं नाही? 'तिथं फाउंड्री कुठाय?' तो म्हणाला. बरोबर आहे. मी म्हटलं, 'कोल्हापुरात माझं ऑफिस कुठाय?'

सातारा येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग एका ढाब्यावर चहा पिताना म्हणाला, 'हे मला कधी सुचलंच नाही.' त्याच्या आवाजात राग नव्हता. मला सुचलं नव्हतं हेही खरंच आहे. लग्नानंतर 'गाव' या शब्दाचा अर्थ कधी बदलला ते कुणी सांगत नाही.

आम्ही यंदा राहिलो. फाउंड्रीला त्यानं नाही कळवलं, आणि दोन दिवस घरात कमी बोलला. लेक वाघोलीतल्याच शाळेत पहिलीला गेली. सासूबाईंकडे सकाळ-संध्याकाळ एक मावशी येतात, त्यांचे पैसे आम्ही देतो. पावसाळ्यात आता नवरा जुलैच्या शेवटी सुट्टी टाकून पंधरा दिवस तिकडं जातो, पातळी ३९ फूट व्हायची वाट न बघता. सुट्टी कापली जाते, पण त्याची झोप लागते. माझ्या नव्या ऑफिसमध्येही आता कुजबुज सुरू झालीय, तेव्हा मी पुन्हा बायोडाटा नीट करतेय. खराडीत नाही तर हिंजवडीत, बघू.

भाडेकरार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवला. मालकांनी दीड हजार वाढवले. अकरा महिन्यांनी ती शीट पुन्हा निघेलच, म्हणून मी त्यात आत्ताच दोन बदल करून ठेवलेत. पाळणाघरासमोरचं शून्य खोडून तिथं खरा आकडा टाकलाय. आणि कोल्हापूरच्या शेजारी एक नवा रकाना वाढवलाय, नांदेडचा. अजून रिकामा आहे.