संदान

मी मराठीची बाई. बी.ए.ला संस्कृत दुय्यम विषय होता, पण रसायनशास्त्राशी माझा संबंध स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या बाईंच्या शेजारी बसण्यापुरताच. मी इलेक्ट्रॉनवर लिहितेय हे वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत.

झालं असं, की आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी मराठी शाळेतून चांगल्या मार्कांनी दहावी झाली, अकरावी सायन्सला गेली आणि दिवाळीनंतर म्हणाली, "बाई, मी आर्ट्सला जाऊ का? वर्गात काही कळतच नाही." आर्ट्सला जाण्यात वाईट काहीच नाही, मी तिथलीच. पण कळत नाही म्हणून जायचं? मी तिला पुस्तक घेऊन बोलावलं. गाडी कोव्हॅलंट बाँडवर अडली होती. "सहसंयुज बंध म्हणजे काय गं?" असं विचारलं, तर घडाघडा बोलली, "दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांचं संदान होऊन तयार होतो तो." म्हणजे गोष्ट येत होती, फक्त तिचं नाव बदललं होतं!

आता हा 'संदान' शब्द बघा. विज्ञानाच्या पुस्तकात त्याचा अर्थ मिळून वापरणं. संस्कृतात मात्र संदान म्हणजे दावं, गुरं बांधायची दोरी. अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडलं ते हेच, की दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात आणि ती जोडीच त्यांना बांधून ठेवते. वाटून घेणं आणि बांधलं जाणं, दोन्ही एका शब्दात... मी तर खूश झाले.

पण सामाईक म्हणजे समसमान नव्हे. भावाभावांत सामाईक विहीर असते, पण ज्याचा पंप मोठा त्याच्या शेतात पाणी जास्त. हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांशी जोडले तर वाटणी सारखी. पण ऑक्सिजनशी जोडले की ऑक्सिजन जोडी आपल्याकडे ओढतो. लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली या ओढीला आकडे दिले. त्या मोजपट्टीवर आज हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५ आणि ऑक्सिजन ३.४४. म्हणून पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची किंचित धन. हीच ती ध्रुवीयता.

यावर तिनं नेमका प्रश्न विचारला. "मग कार्बन डायऑक्साइडमध्येही ऑक्सिजन ओढतोच की. तो रेणू का ध्रुवीय नाही?"

माझे दोन नातू तिथंच दंगा करत होते. तिला म्हटलं, हात दोन्ही बाजूंना सरळ पसर. एकेक हात एकेकाला ओढायला लावला. ती जागची हलली नाही. "हा तुझा कार्बन डायऑक्साइड, सरळ रेषेत." मग दोन्ही हात समोर, थोडे फाकवून धरायला सांगितले. पोरांनी ओढलं तशी ती दोन पावलं पुढं आली. "पाण्याचा रेणू असा वाकलेला आहे, १०४.५ अंशांत."

"पण बाई, पाण्यात तर मधलाच ओढतो ना?"

"तो ओढतो, हे दोघे नाहीत. पण दिशांची बेरीज तशीच करायची." हे बोलताना मला माझाच हेवा वाटला, खोटं कशाला सांगू!

पुढचं स्वयंपाकघरात झालं. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात तळाशी बसून राहतं. हळदीचं उलटं. तिचा रंग पाण्यात जेमतेम उतरतो आणि फोडणीच्या तेलात क्षणात पसरतो, कारण पाणी ध्रुवीय आणि तेल जवळजवळ नाहीच. पदरावरचा आमटीचा डाग नुसत्या पाण्यानं का जात नाही, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

मग तिनंच मला क्लोरोफॉर्म समजावला. कार्बनभोवती चार क्लोरीन असतील तर ओढी एकमेकींना मारतात. त्यांतला एक काढून हायड्रोजन बसवला की तोल जातो आणि रेणू ध्रुवीय होतो. पुस्तकात न बघता सांगितलं हो.

आता आम्ही एक दोनशे पानी वही केली आहे. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, खाली तिच्या शब्दांत अर्थ. त्रेचाळीस शब्द झालेत. घटक चाचणी पुढच्या सोमवारी आहे, आणि आर्ट्सचा विषय तिनं अजून तरी परत काढलेला नाही.